मागावरचं भांडण

आमच्या मोहाडीच्या गल्लीत टेकचंदभाऊ आणि दुर्गाबाई भांडले नाहीत असा दिवस मी तरी पाहिला नाही. त्यांच्यामुळे आमच्या घरी रेडिओ बिघडला तरी अडत नसे. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर काही वर्षांनी भंडाऱ्याला एक संग्रहालय उघडलं. तिथल्या प्रफुल्लसाहेबांनी दोघांना हातमाग चालवून दाखवायला बोलावलं. भाऊ विणायचे, बाई शेजारी चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरायच्या. भांडण आपोआप सोबत गेलं.

"अवो, धागा तुटला. चष्मा काहून नाई लावत जी?"

"चष्मा लावला का तुहं तोंड दिसते ना वो!"

नागपूरकडची माणसं मूर्तींपुढून, नाण्यांपुढून भराभर चालत यायची आणि इथं खिळायची. हसायची, धोट्याला हात लावून बघायची, बाईंची बाजू घ्यायची. काचेतल्या तलवारीशी कोण बोलणार? परत जाताना लोक समाधानानं या दोघांचीच नक्कल करत जात.

दिवाळीनंतर दुर्गाबाई तापानं गेल्या. तेरवी आटोपून भाऊ एकटेच मागावर बसले. लोक विचारत, "भांडणारी आजी कुठं आहे?" आणि पुढं सरकत.

साहेब म्हणाले, "लोक थांबत नसतील तर माग बंद करावा लागेल, भाऊ."

भाऊंचा चेहरा उतरला. घरचा माग कधीच विकला होता; हातांना काम उरलं होतं ते एवढंच. मग साहेब माझ्याकडं आले. "रुखमिणीताई, तुमची जीभ सगळ्या मोहाडीला ठाऊक आहे."

तेवढं खरंच. बसले मी चरख्यावर.

"काय जी, हात चालून राह्यला का झोपला?"

लोक थांबले. भाऊ धोटा फेकत राहिले.

"घरी तं मोठे वाघ होता! इथं काहून शेपूट घातली?"

हशा पिकला. भाऊंनी धोटा थांबवला, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "रुखमिणी, तुह्याशी माह्यं काय भांडण हाय, बाई?"

लोकांना तेही खेळातलंच वाटलं. टाळ्या पडल्या. भाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि अर्धं विणलेलं कापड तसंच सोडून ते उठले.

आता मागाभोवती दोरी आहे. परवा मी भाऊंना म्हटलं, "चला, एकदा पाहून येऊ."

"नाई," ते म्हणाले. "तिथं लोक हासतेत."