सुकीच्या लग्नात न गायलेलं गाणं

सुकी आता साठीला आली. तलासरीजवळच्या एका पाड्यावर राहते आणि चाळीस वर्षं लाल बावट्याचं काम करते. वनजमिनीचे दावे लिहून देणं, रेशनसाठी बायकांना घेऊन तहसीलवर जाणं, सभेत घोषणा देणं. तिचा आवाज माइकशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत जातो. जुनी माणसं म्हणतात, आवाज रंभाचा.

रंभा तिची आई, धवलेरी होती. वारली लग्नात भिंतीवर पिठानं चौक काढून झाला की त्याच्यापुढे बसून ती देवांना बोलावणारी गाणी म्हणायची. त्याशिवाय लग्न लागत नसे. सुकीनं हे शिकावं, अशी तिची फार इच्छा. पण सुकी पक्षाच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागली होती. तिथले शिकवणारे सांगत, माणसाचं दुःख खरं असतं म्हणून तो देव घडवतो. तुम्ही दुःखाचं कारण शोधा. सुकीनं त्यातलं, देव माणसानं घडवला, एवढंच घरी आणलं.

"आये, तुझ्या गाण्यानं जमीन मिळाली का? मोर्च्यानं मिळाली."

"मोर्च्यात मीपण होते," रंभा एवढंच म्हणाली.

सुकीचं लग्न पक्षाच्या कचेरीत झालं. नवरा धाकल्या, कार्यकर्ताच. हार घातले, घोषणा झाल्या, चहा झाला. पाड्यापाड्यांवर लग्नं लावलेली रंभा कप हातात धरून भिंतीशी उभी राहिली. तिला कुणी गा म्हटलं नाही. सुकीनंही नाही.

रंभा गेली, पुढे धाकल्याही गेला. यंदा भावाच्या, काकड्याच्या मुलीचं, योगिताचं लग्न ठरलं. ती डहाणूला नर्स आहे.

"आत्या, मला चौकापुढे गाणं हवं. मोबाइलवरचं नको," ती म्हणाली. आसपास धवलेरी उरली नव्हती.

सुकी अच्छाडला गेली. हायवेवरच्या ढाब्यांमागे जयवंती राहते. ती पूर्वी रंभाच्या मागून सूर धरायची. आता तिला कमी ऐकू येतं.

"पक्षाला चालेल का ग?" सुकीनं गाणी शिकव म्हटल्यावर तिनं विचारलं.

"मला कुणी कधी नको म्हटलंच नव्हतं. मीच म्हटलं."

तीन आठवडे सुकी वहीत गाणी उतरवत राहिली. लग्नात चौकापुढे बसली आणि अर्ध्यात अडकली. जयवंतीनं शब्दांशिवाय नुसता सूर धरला. सुकी त्या सुरात मिसळली, पण पुढचे शब्द आलेच नाहीत. तरी लग्न लागलं. योगिता खूश होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत प्रवीण या तरुण कार्यकर्त्यानं विचारलं, "ताई, आता देव मानायला लागलात?"

"तसं नाही रे. वाटलं होतं, तिथं बसले की आई जवळ येईल," सुकी म्हणाली. "ती आणखीच लांब वाटली."

प्रवीणनं दाव्यांची फाइल तिच्यापुढे सरकवली.

सुकी अजून दर रविवारी अच्छाडला जाते. परवा तांदूळ निवडता निवडता जयवंतीच्या तोंडून एक कडवं आपोआप निघालं. सुकीनं ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. तिनं घाईघाईनं वही उघडली.

"पुन्हा म्हण ना, मावशी."

जयवंती बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "काय म्हटलं मी?"