तिच्या ट्रंकेत काहीच सापडलं नाही

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होतो. टँकरचं टेबल माझ्याकडं होतं. सकाळी दहाला गेलो की सरपंच, पोलीस पाटील टेबलाभोवती उभेच असायचे. जुन्या जिल्ह्याहून गोण्यांत बांधून आलेल्या फायली अजून व्हरांड्यात पडलेल्या होत्या, त्यामुळं निम्म्या गावांचे कागद सापडायचे नाहीत. लोक माझ्यावर ओरडायचे, मी घरी येऊन बायकोवर ओरडायचो.

त्या वर्षी माझी बहीण आमच्याकडं राहून डी.एड. करत होती. आम्ही देवणीचे. आप्पांचं तिथं कापडाचं छोटं दुकान. आम्ही तिघं भावंडं. मी थोरला, मग ही, आणि हिच्या पाठची आणखी एक बहीण. ही एकोणीस वर्षांची होती. बोलायला लागली की थांबायची नाही. सरावपाठासाठी रंगीत कागदांचे पक्षी कापायची आणि ते आमच्या एकुलत्या खोलीभर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दोरीवर टांगून ठेवायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिला ताप आला. डोकं लई दुखायचं. आठ दिवसांनी ताप उतरला, पण ती बदलली. झोपेना. हापशावर पाणी भरायला गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. म्हणाली, "वैनी, हापसा माझं नाव घेऊन बोलायलाय." बायकोला वाटलं चेष्टा करतेय. मग एक दिवस तिच्या कॉलेजचा शिपाई कचेरीत मला शोधत आला. कॉलेजला लागून असलेल्या शाळेत तिसरीच्या वर्गावर तिचा पाठ होता. फळ्यावर तिनं एक अक्षर लिहिलं, तेच पुन्हा लिहिलं, तेच पुन्हा. फळा भरल्यावर ती भिंतीवर लिहायला लागली. पोरं आधी हसली, मग एक मुलगी रडायला लागली.

मी तिला सायकलवर बसवून घरी आणलं. कॉलेजच्या फाटकापाशी तिच्याबरोबरच्या दोघी उभ्या होत्या. आमच्याकडं बघून त्यांच्यात काही कुजबूज झाली. ती काय होती हे मला आजही ठाऊक नाही. पण मी जे समजायचं ते समजलो.

घरी येऊन मी तिची ट्रंक उघडली. कपडे बाहेर फेकले, वह्या झटकल्या, रंगीत कागद विस्कटले. चिठ्ठी नाही, फोटो नाही, काहीच नाही. काही नाही म्हणून माझा राग आणखी वाढला.

"कोण हाय तो?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत होती. ओठ चावल्यासारखे हलत होते, पण शब्द येत नव्हता.

"नाव सांग म्हणतो ना!"

मग मी तिला मारलं. एक नाही, तीन-चार. बायको मधे पडली. "अवो, तिला ताप आला होता. तवापासून ती अशी करतेय. डोक्यातच काहीतरी झालंय तिच्या. दवाखान्यात न्या." मी बायकोलाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं खरं. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "या वयात होतं असं. हिस्टेरिया. लग्न लावून द्या, बरी होईल." मी ते आप्पांना पत्रात जसंच्या तसं लिहिलं. आप्पा आणि आव्वा आले. आव्वानं तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "काही केलंय का हिनं?" मी "नाही" म्हणायला पाहिजे होतं. "कळंना" म्हणालो.

देवणीला नेल्यावर मठातल्या स्वामींचा अंगारा झाला. लिंबं उतरून टाकून झाली. तेवढ्यात तिला झटके यायला लागले. अंग लाकडासारखं कडक व्हायचं, तोंड चघळल्यासारखं सारखं हलायचं, हात हवेत वर यायचे आणि तिथंच राहायचे. शेजारपाजारच्यांनी कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका दर्ग्याचं नाव सांगितलं. तिथं झाडाखाली साखळीला बांधलेली माणसं बसली होती. तिलाही बांधलं. साखळी आप्पांनी स्वतःच्या हातांनी अडकवली. तीन दिवसांनी तिथला म्हातारा मुजावर आमच्याजवळ आला. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि आप्पांना म्हणाला, "इसकू हवा नै लगी, बाबा. बीमारी है. दवाखाने कू लेके जाओ."

डॉक्टरांनी लग्न लावा म्हणून सांगितलं, आणि मुजावरानं भूतबाधा नाही म्हणून दवाखाना. आमचा धीर तेव्हाच खचला होता. तरी नांदेडला मनाचे एक डॉक्टर आहेत असं कळलं होतं. एस.टी.च्या मागच्या बाकावर तिला आडवी करून, तिचं डोकं आव्वाच्या मांडीवर ठेवून आम्ही नांदेडला गेलो.

ते डॉक्टर जरा पोक काढून चालणारे, कमी बोलणारे होते. गोळ्या दिल्या, विजेचे शॉक दिले. उतार पडला नाही. ताप उलट परत आला. पंधरा दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मी खरं सांगतो," ते म्हणाले, "हा आजार मला ओळखता येत नाहीये. नुसतं वेड असतं तर झटके आले नसते. मेंदूत काहीतरी चाललंय. पण काय चाललंय ते बघायला माझ्याकडं काही नाही. मोठ्या शहरात नेलं तरी त्यांच्याकडंही असेल असं वाटत नाही."

मी रजा वाढवून वॉर्डातच राहिलो. एका दुपारी तिची उशी सरकली होती. नीट करायला मी वाकलो तर तिनं दोन्ही हात वर करून तोंडासमोर धरले. मार चुकवावा तसे. मी मागं झालो, तरी हात तसेच. कितीतरी वेळ तसेच. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. पुढं तीन दिवसांनी, सकाळी आव्वा तिचे केस विंचरत असताना, तिचा श्वास थांबला. आव्वाला कळलंच नाही. ती विंचरत राहिली.

आमच्यात पुरतात. देवणीला खड्डा खणायला घेतला तर जमीन इतकी वाळली होती की पहार आत जाईना. चार माणसांना दुपारपर्यंत वेळ लागला. माणसंही चारच होती. बाकीचे आले नाहीत, आणि का आले नाहीत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. माझं टेबल बदललं, फायलींना कपाटं आली. आमच्या घरात मात्र त्या मुलीचं नाव निघायचं बंद झालं. धाकटीला स्थळं यायची आणि चहा पिऊन जायची. कुणी म्हणायचं त्या घरात वेड आहे, कुणी म्हणायचं थोरलीचं काहीतरी भानगडीचं होतं. शेवटी उदगीरच्या एका बिजवराला दिली तिला. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. आव्वा मरायच्या चार दिवस आधी मला म्हणाली, "त्या पोरीनं नाव सांगितलं असतं तर आपण लावून दिलं असतं रे. मी आप्पांना समजावलं असतं." मरेपर्यंत ती मनात लेकीला माफ करत होती, नसलेल्या गुन्ह्याबद्दल. मी तिचे पाय चेपत राहिलो.

मी निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी बायकोचा हात थरथरायला लागला म्हणून तिला नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तिथं बाकावर अर्धापूरकडचं एक कुटुंब बसलं होतं, केळीवाले. मधे सतरा-अठरा वर्षांची मुलगी. तिचं तोंड चघळल्यासारखं हलत होतं. एक हात हवेत.

बायकोनं माझं मनगट धरलं. "बघितलं का?" एवढंच म्हणाली.

त्या मुलीला आधी झटका आला, मग ती समोर नसलेल्या माणसांशी बोलायला लागली, असं तिचा बाप सांगत होता. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी तिला लगेच भरती केलं आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. दोन महिन्यांनी बायकोला परत दाखवायला गेलो तर ती मुलगी त्याच बाकावर बसून मोबाइलवर काहीतरी बघत हसत होती. शब्द जरा अडखळत येत होते, पण ती बापाला म्हणाली, "भूक लागली."

बायकोचं तपासून झाल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ट्रंकेपासून खड्ड्यापर्यंत. रांग होती तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"अंगातली रोगाशी लढणारी शक्ती चुकून मेंदूवर उलटते," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याला वाटतं वेड लागलंय. लवकर ओळखलं तर बरेच जण बरे होतात. तुमच्या बहिणीला हेच होतं असं मी आज नक्की नाही सांगू शकत. वाटतं मात्र तसंच."

"आणि ते हात वर धरणं?"

"या आजारात हात असे आपोआप वर येतात, काका. तसंच असेल."

"असेल?"

"तेव्हा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतच कळायला लागलंय. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. पण औषध तेव्हा कुणाला का सापडलं नाही, एवढ्याचंच ते उत्तर होतं. तापातून उठलेल्या मुलीला मारू नये हे तर तेव्हाही माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं. त्या मुजावराला माहीत होतं. नवीन शोध लागला म्हणून माझं काही सुटलं नाही. उलट आधी वाटायचं, ती मरणारच होती. आता तेही म्हणता येत नाही. ती चाळीस वर्षं उशिरा जन्मली असती तर आज बाकावर बसून भूक लागली म्हणाली असती.

घरी आल्यावर मी उदगीरला धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचा नवरा कधीच गेला, मुलगा पुण्याला असतो. ती एकटी असते. मी तिला सगळं सांगितलं: आजार काय असतो, कसा ओळखतात, अर्धापूरची मुलगी कशी बरी झाली. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे अक्कानं काही केलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"न्हाई. काहीच न्हाई."

"हे मला तवाच ठाऊक होतं, अण्णा. देवणीला मी तिच्या शेजारीच झोपत होते. मला कुणी इचारलंच न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता आव्वा न्हाई, आप्पा न्हाई," ती म्हणाली. "आता कुणाला सांगायलास?"

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. पलीकडं ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, आणि मग "ठेवते" म्हणून तिनं फोन ठेवला.