फुटलेल्या बाटल्या आणि इडलीचं पीठ

सगळ्यात आधी देशमाने मॅडमचं नाव लिहितो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कामाला. बी.एस्सी. करून पोरगा करणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. मॅडम स्वतः घरी आल्या, ओट्यावर बसल्या, वडिलांशी बोलल्या आणि माझा फॉर्म भरूनच उठल्या. पुढे बायकोला इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी मिळाली, तिच्यामागे मीही आलो. आधी पार्सलची व्हॅन चालवली, मग पोलिसांत भरती झालो आणि सार्जंट म्हणून निवृत्त झालो. जंतूंच्या अभ्यासाचा पोलिसाला काय उपयोग, असं मला फार जणांनी विचारलं आहे. त्यांना मी ही केस सांगतो. बाकीच्या केसेस आठवायला डोकं खाजवावं लागतं, ही डोळे मिटले की समोर उभी राहते. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

उन्हाळ्यातला शनिवार होता. सकाळची ब्रीफिंग संपवून मी आणि माझ्या टीममधला एक तरुण कॉन्स्टेबल गाडीत बसलो आणि रेडिओवर कॉल आला. ब्रिस्टलमधल्या एका रस्त्यावर, घराच्या गॅरेजात स्फोट. एक बाई जखमी. आवाज अजून चालू आहेत.

"बॉम्ब, सार्ज?" कॉन्स्टेबलचा चेहरा उजळला होता.

"गाडी चालव," मी म्हटलं. माझ्याही डोक्यात तेच आलं होतं, पण सार्जंटने तसं दाखवायचं नसतं.

रस्त्यावर त्या दिवशी शेजाऱ्यांची पार्टी होती. पताका लागल्या होत्या, टेबलं मांडली होती आणि टेबलांमागे सगळी गल्ली घोळक्याने उभी होती. आम्ही टेप लावून लोकांना मागे हटवलं. एक मराठी बाई भिंतीवर बसली होती, हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लाल. आतून पुन्हा 'फाट' असा आवाज आला आणि काच फरशीवर सांडल्याचं ऐकू आलं. आणि मग वास आला. बारूदाचा नाही, बिअरचा.

मी नियंत्रण कक्षाला कळवलं, बॉम्बवाल्यांना थांबवा. कॉन्स्टेबल जरा हिरमुसला.

बाईचा नवरा म्हणजे घरमालक, चाळिशीतला, आयटीतला, मूळचा नाशिकचा. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून तो धावतच आला.

"तुम्ही मराठी? बरं झालं, साहेब. लिहून घ्या. हे अ‍ॅक्सिडेंट नाहीये. माझ्या बिअरमध्ये कोणीतरी साखर टाकलीय. आणि कोणी टाकली ते मला पक्कं माहितीये."

"तुमची भाषा बोलतो म्हणून मी तुमच्या बाजूचा नाही," मी म्हटलं. "आधी वहिनींचा हात बघू द्या."

काच मनगटाजवळ खोल गेली होती. ती बाई डेंटिस्ट होती. पार्टीसाठी क्रेट उचलायला गेली आणि हातातच बाटली फुटली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बोटं हलतायत रे. तू ओरडू नकोस." तो ओरडतच राहिला. त्याच्या रागाखाली केवढी भीती होती, ते मला दिसत होतं.

बाटल्या शांत झाल्यावर जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड घालून आम्ही आत गेलो. आधी पाहिलं ते हे, की इथे दारू गाळण्याची भट्टी आहे का. इकडे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही, पण दारू गाळायला लागतो. भट्टी नव्हती. जुन्या फ्रिजमध्ये छोटा हीटर बसवून केलेलं एक उबदार कपाट, झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली, तिला खाली नळ, आणि सगळीकडे काचांचा चुरा. इतकं स्वच्छ गॅरेज मी क्वचित पाहिलं असेल. माणूस जंतुनाशक पाण्याच्या फवाऱ्याशिवाय दारातही शिरत नसावा.

आता संशयित. वरच्या खोलीत एक भाडेकरू राहत होता, अमरावतीकडचा मुलगा, विमानांच्या पंखांवर काम करणारा इंजिनिअर. नव्या प्रकल्पासाठी त्याची सुरक्षा तपासणी चालू होती. ती अडकली तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा. मालकाने त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती, त्यावरून दोघांत जोरदार वाजलं होतं. म्हणजे हेतू आला. आणि मालकाने फोनवर दरवाज्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. मुलगा कापडाने झाकलेलं एक भांडं घेऊन, आजूबाजूला बघत, गॅरेजात शिरतोय. बिअर बादलीत असतानाच्या आठवड्यात असं बऱ्याचदा.

"आता बोला!" मालक म्हणाला. "बागेत फुलं तोडायला गेला होता का?"

"बाटल्या भरल्यावर गेला होता?"

"भरल्यावर मी कुलूप लावलं. पार्टीची बिअर होती. किल्ली माझ्या खिशात."

मी हे लिहून घेतलं. तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं.

मुलाच्या परवानगीने त्याची खोली पाहिली. संशयास्पद काही नाही. थंडगार खोली, पलंगाखाली मिक्सर, उकड्या तांदळाची पिशवी आणि इडलीचा स्टँड. मुलगा दाराशी उभा. "मी काही नाही केलं, सर. आईची शपथ." भांड्यात काय होतं विचारलं की मात्र मान खाली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून ठाण्यात आला. सोबत सरकारी खर्चाने मिळालेला बचावाचा वकील होता, लाल टायवाला गोरा गृहस्थ. रेकॉर्डिंग चालू केलं, कायदेशीर सूचना वाचून दाखवली. वकिलाने त्याला एकच उत्तर शिकवलं होतं. गॅरेजात का गेलास? नो कॉमेंट. भांडं कसलं? नो कॉमेंट. मालकाशी भांडण झालं? नो कॉमेंट. त्याचा तो हक्क होता. पण चित्रण आमच्या हातात असताना प्रत्येक 'नो कॉमेंट' त्याला खड्ड्यात एक पाऊल खाली नेत होतं.

पोलीस खात्याने मला एक गोष्ट शिकवली. गुन्हा लपवणारा माणूस तुमच्या डोळ्यांत बघून लपवतो. लाज लपवणारा टेबलाकडे बघतो. हा मुलगा टेबलाकडे बघत होता. गुन्हेगाराची ती बसण्याची पद्धत नव्हे.

मी प्रश्न बदलला, इंग्रजीतच. "इतक्या थंड खोलीत इडलीचं पीठ फुगतं कसं?"

त्याने झटकन वर पाहिलं. वकील म्हणाला, "बॅटर? म्हणजे तळायच्या माशाला लावतात ते?"

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. "सर, ते कपाट... त्यात मस्त ऊब असते. खोलीत पीठ दोन दोन दिवस फुगत नाही. दादांनी सांगून ठेवलंय, कपाटात बिअरशिवाय काही ठेवायचं नाही. देवघरासारखं जपतात ते. म्हणून लपवून ठेवायचो. आईच्या हातच्या इडल्यांची आठवण येते, सर. इडलीसाठी चोरी केली असं लिहा, चालेल. वहिनींना मी कशाला लागू देईन?"

मला वाटलं, सुटला. संध्याकाळी मालकाला सांगितलं तर त्याने टेबलावर हात आपटला. "म्हणजे तेच ना! आंबलेलं पीठ! सगळे जंतू त्यातूनच आले. भांडण झाल्यावर मुद्दाम चमचाभर सोडलं असणार बादलीत. साखर नाही तर पीठ!"

आणि पंचाईत अशी की शास्त्र त्याच्या बाजूने होतं. बिअरमध्ये नको ते जंतू शिरले, की आपल्या यीस्टने शिल्लक ठेवलेली साखरही ते खातात आणि बंद बाटलीत वायू साठत जातो. बाटली फुटते. न फुटलेल्या बाटल्यांच्या मानेत, बिअरच्या पातळीवर, मला एक मळकट कडं दिसलं होतं. जंतुसंसर्गाची ती खूणच. नुसत्या साखरेने असं कडं येत नाही. आमचे इन्स्पेक्टर म्हणाले, तक्रारदार ठाम असेल तर फाइल सरकारी पक्षाकडे पाठवून देऊ, ठरवू दे त्यांना. फाइल गेली असती, तर निकाल काहीही लागो, मुलाची तपासणी तिथेच अडकली असती.

सकाळी ड्यूटीवर निघताना, बूट घालता घालता, मला देशमाने मॅडम ऐकू आल्या. आम्ही प्रयोगशाळेत पेट्री डिश मिरवत त्यांच्याकडे न्यायचो, की बघा, जंतू वाढले! त्या डिशकडे बघायच्याही नाहीत. "कंट्रोल कुठे आहे?" एवढंच विचारायच्या. म्हणजे सगळं तेच, फक्त एक गोष्ट वेगळी, अशी दुसरी डिश. ती नसेल तर पहिलीला अर्थ नाही.

कॉन्स्टेबलला घेऊन मी थेट मालकाच्या घरी गेलो. "त्या बादलीतली सगळी बिअर काचेच्या बाटल्यांतच भरलीत?"

"हो. म्हणजे... तळाशी थोडी राहिली होती. नळातून येईना. मग बादली तिरकी करून जगने ओतली, कोकच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत. गाळ आहे तो, साहेब. ती काही मोजायची नाही."

"कुठे आहेत?"

"गॅरेजातच. फळीखाली."

मी जवळजवळ पळत गेलो. कॉन्स्टेबल मागून म्हणाला, "सार्ज, ड्यूटीवर बिअर?" गुडघ्यांवर बसून मी बाटल्या दाबून पाहिल्या. घट्ट, पण बोटाने किंचित दबणाऱ्या. नेहमीच्या सोड्याच्या बाटलीसारख्या. एक उघडली. हलका फुस्स आवाज, पांढरा फेस, स्वच्छ वास. मग काचेची एक न फुटलेली बाटली, आदल्या संध्याकाळी मी घरातल्या फ्रिजमध्ये ठेवायला लावलेली, सिंकमध्ये टॉवेलखाली धरून उघडली. कारंजं थेट छतापर्यंत! कॉन्स्टेबलचा शर्ट भिजला, माझी टोपी भिजली, आणि आम्ही दोघं मोठ्याने ओरडलो.

"बघा," मी मालकाला म्हटलं. माझा आवाज चढला होता, आवरत नव्हता. "तीच बिअर. तीच बादली. तेच कपाट, ज्यात पीठ होतं. बादलीत कोणी साखर टाकली असती, पीठ सोडलं असतं, तर या दोन प्लास्टिकच्या बाटल्याही फुगल्या असत्या. त्या ठीक आहेत. बाटल्या भरल्यावर किल्ली तुमच्याच खिशात. मग दोन्हींत फरक कशाचा?"

त्याने बादली स्वतःकडे वळवली. "नळाचा," तो हळूच म्हणाला.

"हा नळ शेवटचा कधी उघडला होतात? म्हणजे सुटा करून?"

"सुटा होतो?" त्याने विचारलं. "पहिल्यापासून हाच आहे. कधी गळला नाही, मग उघडायचा कशाला? दर वेळी जंतुनाशक सोडतो की त्यातून."

गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून, टॉवेलने पकडून पिळला तसा नळ दोन भागांत निघाला. आतल्या फिरत्या नळकांड्यावर तपकिरी, बुळबुळीत थर होता. वास व्हिनेगरचा. कित्येक घाण्यांची जुनी बिअर त्या फटीत बसून राहिली होती आणि नळातून भरलेल्या प्रत्येक बाटलीत थोडी थोडी उतरत होती. मळ असेल तिथे जंतुनाशक वरवरच लागतं. आधी घासावं लागतं, मगच जंतू मरतात. घरी बिअर, वाइन, काहीही आंबवणाऱ्यांना मी तेव्हापासून सांगतो, नळ सुटा करून धुवा, ओरखडे पडलेली बादली आणि जुनी रबरी नळी फेकून द्या, आणि बाटलीच्या मानेत कडं दिसलं तर ती उचलण्याआधी हातमोजे घाला.

मालक पायरीवर बसला. "हातच कापला तिचा मी," तो म्हणाला. मग उठला, जिना चढला आणि मुलाच्या दारावर टकटक केली. मी खालीच थांबलो. वरून आवाज आला, "अरे बाबा, पीठ भिजवलंयस का आज? कपाट रिकामं आहे." मुलगा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

फाइलवर मी लिहिलं, गुन्हा घडलेला नाही. इन्स्पेक्टरांनी सही केली. वहिनींचा हात काही महिन्यांनी पूर्ण बरा झाला.

माणसाला नुकसानाला चेहरा हवा असतो. मी नोकरीत हे पुन्हा पुन्हा पाहिलं. चेहरा मिळाला की शोध थांबतो, आणि खरं कारण आपल्याच हाताखाली, आपण रोज वापरतो त्या वस्तूत, निवांत वाढत राहतं. तक्रारदाराला खोटं ठरवण्यात मला कधी आनंद झाला नाही. त्या दिवशी मात्र ठाण्यात परत येताना मी गाडीत गाणं म्हणत होतो, आणि कॉन्स्टेबलने मला थांबवलं नाही.

मुलाच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी मॅडमना ई-मेलने पत्र पाठवलं. निवृत्तीनंतर त्या अमरावतीत राहायला गेल्या होत्या. ते असं:

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. घटना तुम्हाला फोनवर सांगितलीच होती. आज त्या मुलाचा फोन आला, त्याची तपासणी पार पडली. सोमवारपासून तो नव्या प्रकल्पावर जाईल. तो बोलत होता आणि मी ठाण्याच्या पार्किंगमध्ये उभा राहून एवढा हसत होतो, की येणारे जाणारे थांबून बघत होते.

त्याच्या आई अमरावतीत राहतात, तुमच्या घरापासून रिक्षाने जाण्यासारख्या अंतरावर. मुलावर असं काही आलं होतं हे त्यांना आजच कळलं, टळल्यावर. त्यांनी मला फोन करून इतके आशीर्वाद दिले की मला बोलायलाच मिळेना. साहेबांसाठी काय पाठवू, म्हणत होत्या. मी म्हटलं, माझं नका बघू, हा पत्ता लिहून घ्या. तुम्हाला न विचारता तुमचा पत्ता दिला, रागावू नका.

रविवारी त्या येतील. विचारतील, मॅडम, तुम्ही माझ्या मुलासाठी नक्की काय केलंत? मी तुम्हाला ओळखतो. तेव्हा 'काही नाही' म्हणू नका.

तुमचा विद्यार्थी