उभ्यानं आलेलं स्थैर्य

दिल्लीतली सरकारं वरचेवर पडायची, त्या नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामती-वालचंदनगर एसटीत मी, मराठीचा मास्तर, ऐटीत बसून शेजाऱ्याला 'स्थैर्य' समजावत होतो. "मूळ धातू 'स्था'. अर्थ, उभं राहणं."

सीटला खेटून घोंगडीवाला म्हातारा मेंढपाळ उभा होता. काठीवर रेलून, एकाच पायावर, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून. खड्ड्यात गाडी हलायची, तो हलत नव्हता.

"म्हंजी उभं ऱ्हायाचं, यवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच, आबा."

"मग उठा. माझं लई झालं, आता तुमी घ्या थोडं."

सगळी गाडी हसली. मी उठलो आणि पहिल्याच वळणावर कंडक्टरच्या अंगावर कोसळलो.

माझ्या जागेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं डोळे न उघडता काठी पुढं केली. "धरा मास्तर. सुरवातीला लागती."