सावनेरचा पंप

आईचं तेरावं आटोपून अरुंधती नागपूरच्या ऑफिसात परतली, त्याच सकाळी सावनेरजवळच्या खाणीतून ऑपरेटर चंपतरावांचा ट्रंककॉल आला. पंप चालवणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम तिनं लिहिला होता आणि तो मध्येच अडकत होता.

"एकेक पायरी चालवा, दिसतील ते आकडे वाचा."

ते वाचत गेले, ती कागदावर ताडत गेली. झडप उघडल्याचा इशारा प्रोग्राम भलत्याच तारेवर शोधत होता. चूक तिचीच होती. तिनं योग्य तारेचा आकडा सांगितला, त्यांनी तो भरला.

"ताई, पंप पाणी उपसून राहिला! ऐकून राहिल्या ना?"

"ऐकते आहे."

आनंद व्हायला हवा होता, एवढं तिला कळत होतं. रिसीव्हरमधून पंपाची घरघर येत होती. लाइन तुटेपर्यंत ती ऐकत राहिली.