एकादशीचा कसावा

दोन हजार वीस साली सासूबाई आमच्याकडे थोड्या दिवसांसाठी आल्या आणि करोनामुळे विमानं बंद झाल्याने राहिल्या. नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाम-फोरबर्गमधलं आमचं घर म्हणजे लांबलचक रांगेतलं मधलं एक. मागे चार पाट मांडता येतील एवढी बाग आणि कमरेइतकं कुंपण. नवरा वरच्या खोलीत हेडफोन लावून कंपनी चालवत असे, निदान त्याची तशी समजूत होती. सासूबाई बागेत बसून शेजाऱ्यांवर देखरेख करत.

डावीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामच्या. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून तिकडे नेऊन डचांनी उसाच्या मळ्यांवर राबवलं होतं. ती गुलामी कायद्याने संपली अठराशे त्रेसष्टच्या एक जुलैला. संपली म्हणजे असं, की भरपाई मालकांना मिळाली आणि सुटलेल्यांवर पुढची दहा वर्षं मळ्यांवरच कराराने राबण्याची सक्ती झाली. स्वातंत्र्यसुद्धा हप्त्यांनी देणारी माणसं व्यापारात पुढे जाणारच.

दर एक जुलैला बाईंचं घर मुलं, नातवंडं, भाचे यांनी भरून वाहायचं. त्या वर्षी त्यांची छाती हिवाळ्यापासून अधू होती, म्हणून कोणीही जायचं नाही असं मुलांनी ठरवलं.

"प्रेमापोटी ठरवलंय," त्या मला सकाळी कुंपणापाशी म्हणाल्या. "भांडणार कसं? पण पातेलं मी चढवलंय."

"मग खाणार कोण?"

"तेच तर. हे एकटीने खायचं नसतं. मळ्यावर लोक उभ्याउभ्या, मिळेल तेव्हा, एकेकटे खायचे. म्हणून आमच्या घरात आजच्या दिवशी बसून, सगळ्यांनी मिळून. कोणी नसेल तर टाकून देईन."

शाळेची घंटा व्हावी तसं हे त्या खणखणीत बोलल्या आणि लगेच पाठ फिरवून गुलाबाची पानं तपासू लागल्या. त्या पानांना काहीही झालेलं नव्हतं.

आमच्याकडे त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. भारतीय दुकानातला साबुदाणा संपलेला, म्हणून सासूबाई उकडलेल्या रताळ्यावर रुसून बसल्या होत्या. दुपारी बाईंनी आपल्या बागेतल्या टेबलावर परात आणून ठेवली. सासूबाईंनी मान उंचावली. रताळी, कच्ची केळी, अळकुड्या, आणि पांढरेशुभ्र उकडलेले तुकडे.

"अगं, त्यांचाही उपवास आहे!" सासूबाई उठल्याच. "बघ, परक्या देशात राहून पाळतात. नाहीतर तू. विचार त्यांना, कुठल्या देवाचा?"

मी विचारलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली.

"उपवास? सांग त्यांना, आज आमच्यात कोणी उपाशी राहिलं तर पाप लागतं."

"मग एवढी कंदमुळं कशाला?" सासूबाई सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हेत.

"गुलामांना हेच मिळायचं. कंद आणि खारवलेला मासा, सगळ्यात स्वस्त म्हणून. आता आम्ही मुद्दाम खातो. वर लोणी घालून."

ते पांढरे तुकडे कसाव्याचे होते. साबुदाणा त्याचाच करतात, आणि कसावा, रताळं, बटाटा, शेंगदाणे, मिरची हे सगळं मूळचं अमेरिकेचं, हे मी सासूबाईंना सांगितलं. "आई, उपवासाच्या ताटातून अमेरिका वजा केली तर उरतं काय?"

"वरी," त्या ताबडतोब म्हणाल्या. "आणि दही." मग परातीकडे बघत, "मासा वेगळ्या भांड्यात आहे ना? लागला नाही ना कुठे?"

खारवलेल्या माशाचा वास मघापासून कुंपण ओलांडून येत होता. सासूबाई अलिबागच्या, एरवी सुक्या बांगड्यासाठी जीव टाकणाऱ्या. नाक मुठीत धरून एकादशी सांभाळत होत्या. मासा वेगळ्या तव्यात आहे असं कळलं.

"डबा भरून ठेवा म्हणावं. त्याच्याकडे उद्या बघते."

आणि त्यांनी आपली खुर्ची ओढत नेऊन कुंपणाला लावली. बाईंनी हात लांब करून ताट कुंपणाच्या कठड्यावर ठेवलं, मागे सरकल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या घरातल्या टीव्हीवर गुलामीच्या स्मृतिदिनाचा सरकारी कार्यक्रम चालू होता; रिकाम्या बागेत काळ्या सुटातले गृहस्थ पुष्पचक्रं वाहत होते. भाषणात 'खेद' बऱ्याचदा आला. 'माफी' वाटेत कुठेतरी उतरली असावी. बाईंनी आत जाऊन त्यांचा आवाज बंद केला आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "आधी तुम्ही बसा. नाहीतर मी उठते."

हे मराठीत होतं. मी भाषांतरासाठी तोंड उघडेपर्यंत बाई बसल्या होत्या. मग सासूबाईंनी वरच्या खिडकीकडे हाक घातली, "कंपनी बुडत नाही, खाली ये! पान वाढलंय!" नवरा हेडफोन गळ्यात घेऊनच आला आणि माशावर तुटून पडला. आईने तोंड फिरवलं. बाईंनी त्याला आणखी वाढलं.

मुलांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा परात निम्मी झाली होती. पडद्यावर एकामागून एक काळजीचे चेहरे उगवले. थोरली लेक म्हणाली, "मम्मा, एकटी आहेस ना? आणि त्या साडीतल्या बाई कोण?"

बाईंनी हाताने थांब म्हणून खूण केली. तोंडात घास होता.