महादेवाने प्यायलेलं पाणी

"थांबा! ओतू नका आता! महादेव गयून राह्यला!"

सगुणावहिनी देवळाच्या दारात दोन्ही हात आडवे धरून ओरडत होती. तिच्यासमोर डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे घडे, घेतलेल्या बायकांची रांग, रांगेच्या कडेला पुजारी, आणि आत गाभाऱ्यात, पिंडीच्या शेजारी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी. महादेव गळतो म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. बालाघाट जिल्ह्याच्या या टोकाला, खैरलांजीच्या अलीकडच्या आमच्या धानाच्या गावात, मृग कोरडा गेला आणि मागोमाग आर्द्राही कोरडी गेली की महादेवाला पाण्यात कोंडायची रीत आहे. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची नाली चिखल-चिंध्या कोंबून बंद करायची, उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतत राहायचं. देवाच्या नाकातोंडात पाणी गेलं की त्याला माणसांची आठवण होते, असा त्यामागचा विचार. नाली बुजवायचं काम माझ्याकडे होतं. ती मी अशी बुजवली होती की सरकारने पाहिली असती तर वैनगंगेवरच्या पुढच्या धरणाचं काम मलाच दिलं असतं. तरी सकाळपासून ओतलेलं पाणी पिंडीच्या पायाशी चार बोटं चढे आणि बघता बघता जमिनीत जाई. आणि हे पाणी कुणाच्या शेतातलं नव्हतं. प्रत्येक घराने आपल्या पिण्याच्या पाण्यातला एकेक गुंड आणला होता.

गावात माझी ख्याती भक्ताची नाही, थापाड्याची आहे. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. त्या दिवशी मी गाभाऱ्यात उतरलो तो श्रद्धेने नव्हे, तिथे गार होतं म्हणून. बाहेर असं ऊन होतं की कावळे उडायचं सोडून सावली धरून पायी चालत होते. हापशी हापसून हापसून गावातल्या बायकांचे दंड पहिलवानांसारखे झाले होते, आणि पाणी यायचं ते एवढं की चिमणीनेही आधी आजूबाजूला कोणी तहानलेलं नाही ना ते बघून प्यावं. मी थोडं वाढवून सांगतो, हे मला ठाऊक आहे. पण थोडंच.

आमचं गाव असं नव्हतं. वहिनी तुमसरकडून लग्न होऊन आली तेव्हा मी शाळकरी पोर होतो आणि गावचा तलाव पाळीला, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधाला, टेकलेला असायचा. पाळीवरून चालताना डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला धान, दोन्ही सारखेच हलायचे. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या बायकांची गाणी तलावावरून घसरत घरापर्यंत यायची. नव्या वहिनीचा गुंड उचलायला मदत म्हणून मला पाठवलं, आणि मी वाटेतच तिला माझी पहिली थाप मारली. म्हणजे अर्धी माझी, अर्धी बाबांची. बाबा सांगत, महादेवाच्या मागे पूर्वी एक विहीर होती, पटकीच्या साथीत ती बुजवली. मी तिच्यात एक मासोळी सोडली. तिच्या नाकात सोन्याची नथ घातली. आणि ती मासोळी अजून जमिनीखालून तलावात येते-जाते, असं सांगून मोकळा झालो. बिचारी वहिनी तो सारा पावसाळा गुंड भरण्याआधी पाण्यात वाकून बघायची. पुढे तिला माझी ओळख पटली. तेव्हापासून मी काहीही सांगितलं, अगदी बालाघाटची बस चुकली असं खरंखुरं सांगितलं, तरी तिचं उत्तर एकच असे: "हौ. आन मासोयीले नथ हाये."

तो तलाव कसा गेला, हे कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. वरच्या अंगाचं जंगल विरळ झालं, तिथली माती धुऊन तलावात आली. गाळ काढायचा असतो हे आम्ही विसरलो. तलाव उथळ झाला, तसे बोर आले. बोरांवर आम्ही उन्हाळी धान घेतलं, भर वैशाखात शेतात पाणी उभं केलं आणि खुशीत मिशा पिळल्या. मग एकाचा बोर आटला, त्याने आणखी खोल मारला; त्याच्यामुळे शेजाऱ्याचा आटला, त्याने त्याहून खोल. आम्ही पृथ्वीच्या पोटात इतके खाली गेलो की पलीकडच्या लोकांच्या अंगणात आमचे पाइप निघत असतील. आणि पाऊस, जो पूर्वी पाहुण्यासारखा राहायला यायचा, तो आता दारावरून धावत जातो. दोन दिवसांत सगळं ओतून मोकळा.

वहिनीचा मुलगा गजू नागपूरला कारखान्यात आहे. तो फोनवर म्हणायचा, काका, हे आपल्याच गावचं नाही, साऱ्या जगाचं झालं आहे. कुठे आख्खा समुद्राएवढा जलाशय आटून त्याच्या वाळूत जहाजं रुतली आहेत, कुठे नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही, कुठे मोठमोठ्या शहरांतले लोक कॅन घेऊन रांगेत उभे आहेत आणि कुठे गुरं मेली म्हणून माणसांचे तांडे देश सोडून चालले आहेत. मी त्याला म्हटलं, बेटा, एवढ्या थापा तर मीही मारत नाही. त्याने फोनवर फोटो पाठवले. वाळूतलं ते जहाज मी बराच वेळ पाहिलं. मला आमची पाळ आठवली.

गजूचा हट्ट होता की आईने आता घर बंद करून नागपूरला यावं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वारल्यापासून ती नाही म्हणत आली होती. त्या वर्षी मात्र धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, पिवळे पडले, आणि तिच्या चंद्रीला, म्हणजे तिच्या गाभण म्हशीला, दिवसाचं पाणी पुरवणं होईना. एक दिवस ती चूल सारवता सारवता मला म्हणाली, "भाऊजी, म्हैस इकून टाकतो आन मी जातो. तुमीबी चाला." मी लग्न केलं नाही. शाळकरी वयापासून त्या चुलीवरचं जेवलो आहे. त्या घराला कुलूप लागणार, हे ऐकून मला जो घास अडकला तो अजून नीट उतरलेला नाही. मी हसून म्हटलं, नागपूरले माझ्या थापा समजनारं कोन हाये? ती हसली नाही. पेटी भरून ठेवली. म्हशीचा व्यापारी ठरला. तो न्यायला येणार त्याच दिवशी गावाने महादेव कोंडायचं ठरवलं, आणि वहिनीने आपल्या घरचा गुंड सगळ्यांच्या आधी आणला.

तर तो महादेव गळत होता. नाली बंद, दाराचा बांध शाबूत, तरी पाणी जातं कुठे? नंतर कळलं ते असं: उन्हाने जमीन इतकी तडकली होती की गाभाऱ्याच्या फरशीखाली, शाळुंकेच्या बुडाशी फट पडली होती. पण त्या वेळी कुणाला हे सुचणार? पुजारी म्हणाले, आत कोणीतरी असा माणूस उभा आहे ज्याच्या तोंडून खरं निघत नाही, म्हणून देव पाणी धरत नाही. आत मी एकटाच होतो. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीने नाही पाहिलं. ती उरलेल्या गुंडांकडे पाहत होती. तिने रांगेला सांगितलं की हे पाणी घरी न्या, लेकरांना पाजा, देव माफ करेल. असं बोलायला त्या क्षणी भर गावात तिच्याशिवाय कुणाची छाती नव्हती.

मी बाहेर आलो आणि देवळामागे उंबराखाली जाऊन बसलो. तिथे एक खोलगट जागा आहे. निर्माल्य, फुटकी मडकी, जुने फोटो, सगळं लोक तिथेच टाकतात. आयुष्यभर लोक मला थापाड्या म्हणाले आणि मी तो मान म्हणून मिरवला. त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द लागला. पाणी गेलं होतं, वहिनी जाणार होती, आणि माझ्याकडे सांगायला एकही गोष्ट उरली नव्हती. मी मनात म्हटलं, महादेवा, आम्ही तुला कोंडायला निघालो होतो. तू कोंडला जात नाहीस, हे दिसलं. आता मी काही मागत नाही. तुझ्या मनात असेल ते कर. एवढंच. ही काही मोठी प्रार्थना नव्हे. दमलेला माणूस ओझं खाली ठेवतो, तसं ते होतं.

तेवढ्यात व्यापारी चंद्रीला दोराने ओढत त्या वाटेने आला. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. लामता गावचा आहे असं म्हणाला होता. त्याची गाडी पलीकडे सडकेवर उभी होती. चंद्री उंबरापाशी आली, थांबली, फुसकारली, आणि सरळ त्या निर्माल्याच्या खड्ड्यात जाऊन बसली. व्यापाऱ्याने ओढलं, चुचकारलं, शेपटी पिळली. मीही ढकललं. डोंगर ढकलला असता तर तो हलला असता. आरडाओरड ऐकून देवळापुढची माणसं मागे आली, वहिनीही आली. व्यापाऱ्याने वाकून म्हशीच्या पोटाखाली हात घातला, हात वर काढून पाहिला, आणि दोर सोडून दिला.

"नहीं उठेगी, बाई," तो वहिनीला म्हणाला. "नीचे गीला है."

त्याच्या बोटांना ओली काळी माती लागलेली होती. महादेवाने सकाळपासून प्यायलेलं पाणी तिथे येऊन निघालं होतं. इतक्या वर्षांनी मला बाबांची गोष्ट, नथ वगळून, जशीच्या तशी आठवली. मी म्हटलं, अरे, इथे विहीर आहे. देवळाचं पाणी पूर्वी विहिरीकडे जायचं असेल, म्हणून ते ही वाट विसरलं नाही. इथे विहीर आहे. पुजाऱ्यांनी मान फिरवली. मग वहिनी शांतपणे म्हणाली, "हौ. आन मासोयीले नथ हाये."

असं म्हणून तिने चंद्रीकडे पाहिलं. म्हैस डोळे मिटून, शेपटी सैल सोडून, लग्नानंतर माहेरी पहिल्यांदा आलेल्या पोरीसारखी बसली होती. वहिनीने पदर खोचला, कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि खड्ड्यात उतरली. म्हैस तिच्या हाकेला उठली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शब्दावर जमीन खणत होतं.

व्यापारी गेला नाही. त्याने सदरा काढून उंबराला अडकवला आणि ऊन कलेपर्यंत आमच्याबरोबर कुदळ मारली. पाणी विचारलं तर अर्धा कप चहा घेतला, तेवढाच. संध्याकाळी गोलाईत बसवलेला फरशीसारखा दगड लागला, मग त्याच्या शेजारी दुसरा. विहिरीचं तोंड. तेव्हा तो आपला दोर गुंडाळून निघाला. जाताना म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि सौदा नको म्हणाला. पुढे मी लामत्याला जाऊन त्याची चौकशी केली. म्हशींचे व्यापारी तिथे बरेच भेटले, त्या मिशांचा कोणी भेटला नाही. मी यातून काही सिद्ध करत नाही. व्यापारी माणसं गाव खोटंही सांगतात. खोटं सांगणाऱ्यांची मला चांगली माहिती आहे.

पुढचे काही दिवस सारा गाव खणत होता. ओली माती, मग चिखल, मग दगडांच्या सांध्यांतून घाम यावा तसं पाणी. एका सकाळी पाहिलं तर तळाला घोट्याएवढं साचलेलं, आणि कडेच्या झऱ्यातून बारीक आवाज येत होता. खोल बोर मारताना आम्ही ज्याच्यावरून पुढे गेलो होतो, तो उथळ, साधा झरा. पाऊस त्यानंतर पुष्कळ उशिरा आणि अपुराच आला. आम्ही पाऊस मागितला होता. देवाने विहीर दिली, आणि विहिरीबरोबर गाळ काढायची सवय. आता दर उन्हाळ्यात आम्ही तलावाचा थोडा थोडा गाळ उपसतो, आणि उन्हाळी धान गावाने सोडलं आहे. तलाव पूर्वीसारखा होईल की नाही, मला माहीत नाही. पण पाळीवरून चालताना डावीकडे पुन्हा थोडं पाणी हलताना दिसतं, आणि ही थाप नाही. मी हल्ली रोज महादेवाला एक तांब्या पाणी घालतो आणि नाली उघडी ठेवतो. जे माझ्या हातातून निसटून चाललं आहे असं मला वाटत होतं, ते कुठेतरी पोचत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. हात आवळून धरले असते तर ते कळलं नसतं.

पहिलं पाणी निघालं त्या सकाळी वहिनीने पहिला तांब्या पिंडीवर ओतला, मग आपला गुंड भरला. भरताना वाकून आत पाहिलं, बराच वेळ. मी ते पाहिलं, पण मासोळीचं नाव काढलं नाही. घरी आल्यावर ती पदराने पाणी गाळत होती. कोपऱ्यात तिची भरलेली पेटी तशीच होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला न्यायला गजूची गाडी येणार होती. मी एवढं बोलणारा माणूस, पण तो प्रश्न विचारायला मला दम एकवटावा लागला. म्हटलं, "वहिनी, पेटी दारात काढून ठेवू का?"

तिने वर पाहिलं नाही.

"आधी म्हशीले पाणी दाखवा," ती म्हणाली.